केवळाबाईचं कपाळ

केवळाबाईच्या रागाची गावाला नवलाई नव्हती. वावरात डुकरं शिरली तर ती डुकरांच्या सात पिढ्यांचा उद्धार करायची, एसटी उशिरा आली तर कंडक्टरच्या. पण त्या दिवशी नळावर तिला जो राग आला, त्यात तिला शिव्याच सुचेनात. तिच्या बाबतीत हे फार वाईट लक्षण होतं.

माहेरी जळकोटला भाच्याचं लग्न होतं, म्हणून ती पंधरा दिवस तिकडे राहून सकाळच्या गाडीनं परत आली होती. किनवटकडच्या जंगलाला टेकलेलं तिचं गाव. घर झाडलं, घागर घेतली आणि नळावर गेली, तर तिथं उज्वला उभी. उज्वला म्हणजे तिच्या धाकट्या दिराची, रामकिशनची, सून. वय सव्वीस. दोन वर्षांपूर्वी तिचा नवरा मोटारसायकलवरून पडून गेला, तरी तिच्या कपाळावरची लाल टिकली हलली नव्हती. आज ती नव्हती. टिकलीच्या जागी नुसता फिकट गोल डाग होता.

"कुणी काढायला लावली?" केवळाबाईनं विचारलं.

"कुणी न्हाई, आत्या." उज्वला घागरीकडे बघत म्हणाली. "मीच काढली. आरशाला चिकटवून ठेवली."

"का?"

"तुमचीच काढली म्हणल्यावर मी कुणाच्या जिवावर ठेवू?"

केवळाबाईचा हात आपोआप कपाळाकडे गेला. कुंकू जागेवर होतं, मेणावर घट्ट बसवलेलं, रुपयाएवढं. "येडी झालीस का? हे काय हाय मग?"

"हे गावात हाय," उज्वला म्हणाली. आवाज चढलेला नव्हता, पण त्यात खोलवर काहीतरी तुटलेलं होतं. "पेपरात न्हाई. पेपरात फोटो द्यायचा म्हणल्यावर तुम्ही पुसून उभ्या राहिल्या. जगापुढं तुम्हाला बी लाजच वाटली ना, आत्या? मग आम्हाला कशाला उभं केलं?"

तिनं अर्धीच भरलेली घागर उचलली आणि ती निघून गेली. नळ तसाच वाहत राहिला.

आता हे कुंकू म्हणजे काय प्रकरण होतं, ते सांगायला हवं. आठ वर्षांपूर्वी केवळाबाईचा नवरा शिवशंकर काविळीनं गेला. दहाव्याला भावकीतल्या बाया जमल्या. एकीनं बांगड्या फोडायला दगड आणला होता, दुसरीनं कुंकू पुसायला ओलं फडकं. केवळाबाईनं फडकंवालीचं मनगट धरलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "मालक गेले. कपाळ बी त्यांच्यासंगं गेलं का?" वर्षभर भावकीतलं कुणी तिच्या घरचं पाणी प्यायलं नाही. तिनंही कुणाला पाजायचा हट्ट धरला नाही. शिवशंकर दर दिवाळीला नांदेडहून तिच्यासाठी लाल साडी आणायचा, दुसरा रंग त्याला ठाऊकच नव्हता. त्या लाल साड्या ती नेसत राहिली. विरली की वावराच्या कडेनं काठ्यांना बांधायची, रानडुकरं आत येऊ नयेत म्हणून. आमच्याकडे सगळेच बांधतात. पण बाकीच्यांच्या वावराला लुगडी सतरा रंगांची, केवळाबाईचं वावर मात्र तीन बाजूंनी लालभडक. नवऱ्याच्या भावानं ज्या साड्या पेटीत टाकायला सांगितल्या, त्या तिनं अख्ख्या शिवाराला दिसतील अशा उभ्या केल्या.

मग उज्वलाचा नवरा गेला, तेव्हा दहाव्याला केवळाबाई जाऊन तिच्या दारात उभी राहिली. "ह्या पोरीच्या कपाळाला हात लावायचा असंल तर आधी माझ्या लावा," म्हणाली. रामकिशन माजी सरपंच. गप्प बसला, पण विसरला नाही. अशी माणसं विसरत नसतात, वाट बघतात.

आणि वाट बघून बघून त्याला तो पेपर सापडला होता.

केवळाबाई तडक त्याच्या ओसरीवर गेली. रामकिशननं रविवारची पुरवणी सातबाऱ्यासारखी प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवली होती. त्यानं ती हळूच उलगडली.

"बघा, वैनी. आपल्या घराण्याचं नाव निघालं. मोठं बक्षीस मिळालंय फोटोला."

अर्ध्या पानाचा फोटो होता. ब्लॅक अँड व्हाईट. वावर तिचंच, पण ओळखू येईना. दुपारचं आभाळ काळंकुट्ट. काठ्यांना बांधलेल्या साड्या पांढऱ्याफेक, वाऱ्यानं फुगलेल्या, जणू आत बाया आहेत आणि त्यांना डोकीच नाहीत. त्या साड्यांच्या फटीत केवळाबाई उभी. अंगावरचं लुगडं पांढरं. कपाळ कोरं, धुतलेल्या पाटीसारखं. खाली छापलं होतं: 'पांढरं शेत. वैधव्याचा रंग पांघरून उभी असलेली मराठवाड्यातली एक अनामिक स्त्री.'

केवळाबाईला अक्षरं वाचता येत होती. तिनं ते दोनदा वाचलं.

"हे खोटं हाय," ती म्हणाली.

"फोटो खोटं बोलतो व्हय?" रामकिशन अगदी गोड आवाजात म्हणाला. "माणूस बोलतो. गावात मिरवायचं एक आन् जगापुढं उभं राहायचं एक. मी कुणाला काय म्हणलो न्हाई. सूनबाईला नुसता फोटो दाखवला. शिकलेली हाय, समजली."

आत चौकटीला टेकून उज्वला ऐकत होती. केवळाबाईनं तिच्याकडे बघितलं, पण तिनं मान वर केली नाही. त्या क्षणी केवळाबाईला कळलं, की तोंडानं शंभरदा सांगून उपयोग नाही. रामकिशनच्या हातात फोटो होता. आणि ही पोर फोटोवर विश्वास ठेवून बसली होती. कोण ठेवणार नाही? केवळाबाईनं स्वतः तो बघितला तेव्हा क्षणभर तिचाही हात कपाळाकडे गेला होता.

फोटो कुणी काढला ते ती विसरली नव्हती. गेल्या डिसेंबरात नांदेडहून एक मुलगी आली होती, मालविका नावाची. बाप प्रोफेसर. पोर पातळ अंगाची, गळ्यात कॅमेरा, बोलणं गोड. दोन दिवस राहिली. केवळाबाईच्या चुलीपुढं बसून भाकरी आणि ठेचा खाल्ला, नाकाडोळ्यांतून पाणी काढत आणखी मागितला. लाल साड्यांचं विचारलं, तेव्हा केवळाबाईनं तिला फडक्यापासून दगडापर्यंत सगळं सांगितलं. पोरीनं वहीत लिहून घेतलं. लिहिताना तिचे डोळे भरून आले होते, हे केवळाबाईनं पाहिलं होतं. आणि फोटोसाठी कुंपणापाशी उभं केल्यावर केवळाबाई म्हणाली होती, "थांब ताई, कुंकू नीट करते." चंचीतली डबी काढून, कॅमेऱ्याच्या काचेत बघत, तिनं ते नव्यानं लावलं होतं. पोर हसत थांबली होती.

हे आठवलं आणि मग शिव्या सुचल्या. त्या इथं लिहिता येणार नाहीत.

पुरवणीत खाली लिहिलं होतं, की या फोटोंचं प्रदर्शन लातूरला एका कॉलेजच्या हॉलमध्ये महिनाअखेरपर्यंत आहे. केवळाबाईची लेक सुकन्या लातुरातच होती, एका शिकवणीत केमिस्ट्री शिकवायची. दुसऱ्या दिवशी केवळाबाईनं पेटीतून सगळ्यांत लाल साडी काढली, कुंकू नेहमीपेक्षा मोठं लावलं आणि एसटी धरली. किनवट ते नांदेड, नांदेड ते लातूर, सगळा रस्ता ती खिडकीशी बसून होती. शेजारच्या बाईनं शेंगा देऊ केल्या, तर त्याही तिनं घेतल्या नाहीत.

हॉल थंडगार होता आणि लोक दबक्या आवाजात बोलत होते, मयतीला आल्यासारखे. भिंतींवर सगळे ब्लॅक अँड व्हाईट फोटो. अर्धापूरकडची केळीची बाग होती, तिच्यात पिशव्या चढवलेले घड असे लटकलेले की बघणाऱ्याला फाशीचं काहीतरी आठवावं. केवळाबाईला फक्त हे दिसलं की घड चांगले भरलेत. दारापाशी पाटी होती: 'अतिवास्तव मराठवाडा'.

"म्हणजे काय?" तिनं लेकीला विचारलं.

"जे खरं असतं, पण स्वप्नासारखं दिसतं, ते," सुकन्या म्हणाली.

"कुणाच्या स्वप्नासारखं?"

सुकन्यानं आईला हाताला धरून पुढं नेलं.

केवळाबाईचा फोटो समोरच्या भिंतीवर एकटाच टांगला होता, माणसाच्या उंचीचा, वरून दिवा सोडलेला. पुढं एक झब्बेवाले गृहस्थ हात मागं बांधून उभे होते. सोबतच्या माणसाला म्हणत होते, "काय सर्रिअल आहे बघा! बाई समोर दिसते आहे आणि तरी नाहीच आहे."

"हाय की," शेजारी उभी केवळाबाई म्हणाली. "हितंच हाय."

गृहस्थांनी तिच्याकडे बघितलं, किंचित हसले आणि पुन्हा फोटोकडे वळले. त्यांना कळलंच नाही. ज्या चेहऱ्यापुढं पाच मिनिटं उभं राहून त्यांचं मन भरत नव्हतं, तो चेहरा एक हात अंतरावर घाम पुसत होता आणि त्यांना ओळखू आला नाही. लाल साडी होती ना अंगावर.

मालविकेनं मात्र लांबून ओळखलं. धावत आली. "मावशी! तुम्ही? अहो, कळवायचं तरी. केवढा आनंद झाला!" वाकून पायाही पडली. केवळाबाईनं पाय मागं घेतले नाहीत आणि आशीर्वादही दिला नाही.

"ताई, माझं कुंकू कुठं गेलं?"

मालविका हसली, मग हसू थांबलं. "मावशी, ते... ते तंत्र असतं. ब्लॅक अँड व्हाईट करताना मी लाल फिल्टर वापरला. त्यानं निळं आभाळ काळं होतं, फार नाट्यमय दिसतं. पण मग लाल रंग जो असतो तो पांढरा पडतो. साड्या, कुंकू, सगळंच."

"कुंकू जाईल हे तुला आधी ठावं होतं?"

मालविकेनं नजर फोटोकडे वळवली. म्हणजे ठावं होतं.

"आभाळ काळं करायला तू माझं कपाळ पांढरं केलंस," केवळाबाई म्हणाली. 'ताई' म्हणणं तिनं सोडून दिलं होतं. "तुझ्यापुढं लावलं होतं मी. तुझ्या कॅमेऱ्यात बघून लावलं होतं. तू थांबली होतीस."

"मावशी, माझा हेतू तसा नव्हता हो. उलट मला तेच दाखवायचं होतं. समाज बाईचा रंग कसा पुसून टाकतो, ते लोकांना टोचावं म्हणून..."

"समाजानं पुसला न्हाई!" आवाज हॉलभर गेला. लोक वळले. "आठ वर्षं झटले सगळे. फडकं आणलं, दगड आणला, पाणी तोडलं माझ्या घरचं. त्यांना जमलं न्हाई. ते तू पुसलंस. आन् रडून पुसलंस वर! माझ्या दिरानं पुसलं असतं तर मी त्याचं मनगट धरलं असतं. तुझं काय धरू? तू तर दोन दिवस माझी भाकर खाल्ली."

मालविकेचं तोंड लाल झालं होतं. भिंतीवरच्या सगळ्या काळ्यापांढऱ्यात केवळाबाईची साडी आणि तेवढंच. ती हळू आवाजात म्हणाली, "मावशी, आपण बाहेर बोलू या का?"

"बाहेर न्हाई. हितंच. घरी माझ्या पुतण्याची बायको बसलीया, सव्वीस वर्षांची पोर. तुझा फोटो बघून तिनं टिकली काढली. ती म्हणते, जगापुढं तुम्हालाच लाज वाटली. तिला मी काय दाखवू? फोटोला फोटोच दाखवावा लागंल. रंगीत दे."

फोटो डिजिटलच होता, मूळ रंगीत फाइल लॅपटॉपवर होती, ते मालविकेनं कबूल केलं. पण तो असा देत नसतात. आणि मग ती एक वाक्य बोलली, जे तिनं बोलायला नको होतं. म्हणाली, "मावशी, रंगात तो अगदी साधा फोटो वाटतो हो. त्यात काहीच नाही."

"त्यात मी हाय," केवळाबाई म्हणाली.

एवढं बोलून तिनं कोपऱ्यातली खुर्ची ओढली आणि फोटोखाली बसली. येईल त्या माणसाला सांगायला लागली, "ही मी. कुंकू ह्या पोरीनं पुसलंय. खरं कपाळ हे बघा." कॉलेजची पोरं आली, त्यांना सांगितलं. एक वकिलीणबाई आल्या, त्यांना सांगितलं. झब्बेवाले गृहस्थ दाराकडे सरकत होते, त्यांना हाक मारून सांगितलं. कुणी टाळ्या वाजवल्या, त्यांना वाटलं हाही कार्यक्रमाचाच भाग आहे. केवळाबाईनं त्यांची जी संभावना केली, ती ऐकून टाळ्या थांबल्या.

दोन तास असे गेले. मग मालविका लॅपटॉप घेऊन आली आणि तिच्यापुढं जमिनीवरच बसली. पडद्यावर तो फोटो होता. निळं आभाळ, लालभडक कुंपण, मध्ये केवळाबाई आणि तिच्या कपाळावर ओलं, नुकतं लावलेलं कुंकू. मालविका बराच वेळ बघत राहिली. वर्षभरात तिनं तो रंगात उघडलाच नसावा. मग तिनं सुकन्याचा नंबर विचारला आणि फोटो पाठवून दिला. "चुकलं माझं" असं काहीसं ती पुटपुटली, पण तेव्हा केवळाबाई उठून चालायला लागली होती. माफ करायला तिला वेळ नव्हता.

नांदेडला स्टँडजवळ हरिओमचं फ्लेक्सचं दुकान आहे. सुकन्यानं एक दिवसाची सुट्टी टाकली होती, ती सोबत होती. हरिओमनं चष्मा वर करून एकच प्रश्न विचारला. "वाढदिवस का श्रद्धांजली?"

"दोनच असतात का?"

"निवडणूक नसली की दोनच, मावशी. श्रद्धांजली असली तर फोटो ब्लॅक अँड व्हाईट करून देतो. जित्या माणसाचा करत न्हाई. चुकून एकदा झाला, तर त्याचे पाव्हणे लेकराबाळांसकट रडत आले गावात."

"तुला कळतंय ते तिला कळलं न्हाई," केवळाबाई म्हणाली. "वाढदिवस कर."

"कवा असतो?"

"आधारवर एक जानेवारी हाय. आमच्या अख्ख्या गावाचीच एक जानेवारी हाय." आणि एक जानेवारी परवावरच होती.

हरिओमनं फोटोतला नुसता चेहरा मोठा करून घेतला. उभा फ्लेक्स, माणसाहून वीतभर उंच. कपाळावरचं कुंकू जेवणाच्या ताटलीएवढं झालं. ते पडद्यावर बघून केवळाबाईला तीन दिवसांत पहिल्यांदा बरं वाटलं. मग हरिओम म्हणाला, "खाली शुभेच्छुक कोण टाकू? शुभेच्छुक लागतात. न्हाईतर फ्लेक्स रिकामा दिसतो."

सुकन्या म्हणाली, "मी आहे की, माय. माझं नाव टाका."

केवळाबाई विचारात पडली. मग तिच्या चेहऱ्यावर जे आलं, त्याला हसू म्हणणं धाडसाचं होईल. "लिही. शुभेच्छुक, श्री. रामकिशन, माजी सरपंच, आन् समस्त भावकी. त्याचा फोटो बी टाक. सुकन्ये, तुझ्या काकाचा व्हॉट्सअ‍ॅपवर हात जोडलेला फोटो हाय ना?"

"माय!"

"टाक म्हणते ना."

एकतीस तारखेला दुपारी तिनं गुंडाळी बसमधून आणली आणि गावच्या मधल्या पिंपळाच्या पारावर, दोन बांबूंमध्ये, स्वतः सुतळीनं करकचून बांधली. वर मोठी केवळाबाई, कुंकवासकट. खाली हात जोडलेला, हसरा रामकिशन. 'वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा.' गाव येऊन बघून गेलं. पोरींनी हसू दाबलं, म्हाताऱ्यांनी चष्मे पुसले. रामकिशन आला, आपलं नाव वाचलं, आपला फोटो बघितला आणि तिथंच उभा राहिला. फाडावा तर स्वतःचाच फोटो, माजी सरपंचासकट. राहू द्यावा तर हे कपाळ. तो तसाच परतला. उज्वला मात्र आली नाही. केवळाबाई अंधार पडेपर्यंत पारावर तिची वाट बघत बसली होती.

सकाळी केवळाबाई पारावर आली, तर फ्लेक्स होता. नाव होतं. हात जोडलेला रामकिशनही होता, एक ओरखडा न लागलेला. फक्त कपाळ नव्हतं. कुणीतरी विळ्यानं ते चौकोनी, नीट मापात कापून नेलं होतं. त्या भोकातून मागचा पिंपळाचा बुंधा दिसत होता.

पारावर माणसं जमली होती. रामकिशन दात घासत उभा होता.

"कुत्र्यामांजरांनी फाडलं असंल, वैनी," तो म्हणाला.

"कुत्रं चौकोनी फाडतं?" केवळाबाई ओरडली. "मापानं फाडतं? तुझा फोटो सोडून माझं कपाळ फाडतं? कुठलं कुत्रं हाय ते, घाल की पुढं!"

ती बोलत सुटली. फडक्याचं काढलं, दगडाचं काढलं, वर्षभर तोडलेल्या पाण्याचं काढलं, लातूरच्या हॉलचंही काढलं. गाव ऐकत होतं, पण गाव नुसतं ऐकतच असतं. तिचा आवाज फाटायला लागला. डोळ्यांत पाणी आलं, तशी ती आणखी चिडली, कारण ह्या माणसासमोर तिला रडायचं नव्हतं. आभाळ काळं करायचं, कपाळ कापून न्यायचं, प्रत्येकाला तिचंच कपाळ कसं सापडतं? एवढा काय त्रास होता त्यांना तिच्या कपाळाचा?

तेव्हा नळाकडून उज्वला आली. डोक्यावर घागर होती. तिनं ती पाराच्या कडेला ठेवली आणि थोडा वेळ फ्लेक्सकडे बघत राहिली. डोळे, गाल, हनुवटी. निळं आभाळ. भोकाच्या कडेला, विळ्यातून सुटलेली कुंकवाची लाल कोर अजून होती. तिनं ती बोटानं चाचपून बघितली. मग सासऱ्याकडे बघितलं. पदराच्या गाठीतून काहीतरी काढून चिमटीत धरलं. पदर खोचला, पारावर चढली आणि फ्लेक्सच्या मागं गेली.

आणि भोकात तिचा चेहरा आला.

केवळाबाईच्या माणसाएवढ्या चेहऱ्यावर, जिथं कपाळ होतं तिथं, उज्वलाचं तोंड. आणि उज्वलाच्या कपाळावर लाल टिकली, आरशावरून काढून आणलेली, कडा थोड्या उचललेल्या. खाली हात जोडून रामकिशन शुभेच्छा देत होता.

मग मागं कुठलीशी म्हातारी फिस्सकन हसली आणि लोक हसायला लागले, फ्लेक्सकडे बघून नव्हे, रामकिशनकडे बघून. त्याच्या तोंडातला फेस ओघळून सदऱ्यावर आला तरी त्याचं तिकडे लक्ष नव्हतं.

"सूनबाई, घरी चल," तो म्हणाला.

"हे कपाळ असंच राहणार असंल तर येते," भोकातून उज्वला म्हणाली. "न्हाईतर मी हितंच बरी हाय."

केवळाबाईनं नाक ओढलं, पदरानं डोळे पुसले. गर्दीतल्या कुणीतरी खिशातून मोबाइल काढून वर धरला होता. तिनं ते बघितलं आणि तिचा आवाज पुन्हा ठणठणीत झाला.

"काढ रे फोटो," ती गरजली. "पण रंगीत काढ."